तुटलेलं लोखंड जातं कुठे? लायन्स ड्रॅगस्ट्रिप, ८ मार्च १९७०

ड्रॅग रेस म्हणजे सरळ पट्टीवरची थोड्या अंतराची, जागेवरून सुटून धावण्याची शर्यत. तिच्या गाडीखाली उताणं पडून वर पाहिलं की गिअरबॉक्सच्या शेपटाजवळ एक पोलादी कडं दिसतं. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या ॲक्सलला नेणारा लांब फिरता दांडा, त्याच्या पोटातून जातो, कुठेही न टेकता. सगळं सुरळीत असेल तर त्या कड्याला जन्मभर काही काम नाही. ड्राइव्हशाफ्ट सेफ्टी लूप म्हणतात ते हेच. अमेरिकेत ज्या गाडीला नियमाने ते सक्तीचं आहे तिच्याखाली ते नसेल, तर तपासनीस गाडी धावपट्टीवर सोडत नाही. पहिल्यांदा आलेला गडी हमखास कुरकुरतो, एवढ्याशा पट्टीने काय होणार?

एवढ्याशा पट्टीने काय होतं आणि काय होत नाही, हे कळायला मला कॅलिफोर्नियातला १९७० सालचा एक अपघात फार उपयोगी वाटतो. खरं तर त्या गाडीत लांब शाफ्ट नव्हताच. पण इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणारं काहीतरी तुटलं आणि ते माणसाच्या अंगाजवळून फिरत होतं, एवढं साम्य मला पुरेसं आहे. शिवाय त्या अपघातातून जो उपाय निघाला तो कड्याच्या अगदी उलट्या दिशेने जाणारा होता.

त्या दिवशी काय झालं

लॉस एंजेलिसच्या दक्षिण टोकाला, बंदराजवळच्या विल्मिंग्टन भागात, लाँग बीचला लागून लायन्स ड्रॅगस्ट्रिप होती. स्थानिक लायन्स क्लबांच्या आधाराने १९५५ साली सुरू झाली, १९७२ च्या डिसेंबरात बंद पडली. समुद्रसपाटीची जागा, दमदार हवा, त्यामुळे इंजिनं तिथे खूश असत.

८ मार्च १९७० ला तिथे अमेरिकन हॉट रॉड असोसिएशनची शर्यत होती. टॉप फ्युएल, म्हणजे सगळ्यांत वेगवान गाड्यांच्या गटाच्या अंतिम फेरीत डॉन गार्लिट्स उभा होता. फ्लोरिडातल्या टँपाचा माणूस, वय ३८. गाड्या काळ्या, नाव ‘स्वॉम्प रॅट’, म्हणजे दलदलीतला उंदीर. ही तेरावी. १९६४ च्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीत अधिकृतपणे ताशी २०० मैलांच्या वर गेलेला तो हाच. नवशिका असता तर दोष अननुभवावर ढकलता आला असता, इथे ती सोय नाही.

त्या काळच्या टॉप फ्युएल गाडीला ‘स्लिंगशॉट’ म्हणत. स्लिंगशॉट म्हणजे आपली गलोल. गलोलीतला दगड जसा सगळ्यांत मागे, चामड्याच्या तुकड्यात बसतो, तसा ड्रायव्हर मागच्या ॲक्सलच्याही मागे बसायचा. पुढे लांबलचक नळ्यांची चौकट, मध्ये नायट्रोमिथेन या जहाल इंधनावर चालणारं, सुपरचार्जर म्हणजे हवा कोंबणारा पंप लावलेलं इंजिन, त्यामागे क्लच आणि ट्रान्समिशन, मग ॲक्सल, मग माणूस. माणसाचे पाय ॲक्सलवरून पुढे टाकलेले, आणि फिरणारं सगळं त्या दोन पायांच्या मध्ये. बुलेटवर बसल्यासारखं म्हणा, फक्त टाकीच्या जागी क्लच आणि गिअर. ही मांडणी कुणी वेडेपणाने केली नव्हती. मागच्या चाकांवर जितकं वजन, तितकी पकड, आणि माणूस हेही वजनच.

बहुतेक गाड्या तेव्हा थेट एकाच गिअरवर धावत, घसरणारा क्लच मधला हिशेब सांभाळायचा. गार्लिट्सने मात्र स्वतः बनवलेलं दोन गिअरचं ट्रान्समिशन लावलं होतं. हिरवा दिवा लागला, गाडी सुटली, आणि सुटता सुटताच त्या ट्रान्समिशनचा फिरता ड्रम फुटला. तुकड्यांनी चौकट कापली. गाडीचे दोन भाग झाले. इंजिनासकट पुढचा भाग सुटून पुढे गेला आणि गार्लिट्स मागच्या तुकड्यात राहिला. त्याच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. प्रेक्षकांत उडालेल्या तुकड्याने एक जण गंभीर जखमी झाला.

सुटणं आणि फुटणं

गॅरेजमध्ये दोन्हीला ‘तुटलं’ म्हणतात, पण ड्राइव्हलाइनमध्ये, म्हणजे इंजिनापासून चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या साखळीत, तुटण्याच्या दोन जाती आहेत. एक सुटणं, एक फुटणं. उपाय ठरवताना बहुतेक गोंधळ इथेच होतो.

शाफ्ट सहसा सुटतो. नळी शाबूत राहते आणि टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट, ज्याला आपले मिस्त्री ‘क्रॉस’ म्हणतात, तो जातो. जुन्या जीपचा क्रॉस ज्याने बदलला आहे त्याला ही चीज माहीत आहे: अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा, चारही टोकांना टोप्या, टोप्यांच्या आत सुईएवढे रोलर. ग्रीस संपलं की गाडी हळू चालताना खालून चिमणी चिवचिवल्यासारखा आवाज येतो. टोपीच्या कडेला लालसर भुकटी दिसते, तो रोलरचा गंज. त्यानंतर गिअर टाकताना ‘खट्ट’. रस्त्यावरची गाडी अशा क्रॉसवर महिनोन् महिने चालते. ड्रॅगची गाडी एकाच स्टार्टला त्याचा निकाल लावते.

का, त्याचा साधा हिशेब करून पाहू. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ६०० न्यूटन-मीटर धरा, पहिल्या गिअरचं गुणोत्तर २.५, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा कन्व्हर्टर सुटताना साधारण दुप्पट करतो. शाफ्टवर ३००० न्यूटन-मीटर आले. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला तीनशे किलोचा माणूस लटकला, तर तेवढं होईल. आणि तो लटकत नाही, उडी मारतो, कारण रुंद, मऊ, गुळगुळीत स्लिक टायर डांबराला एकदम चिकटतो.

टायरचा मुद्दा नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या नियमात मोठ्या शहाणपणाने आला आहे. पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, १३.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या आणि स्लिक लावलेल्या गाडीला कडं सक्तीचं. रस्त्याचे टायर असतील तर ११.४९ सेकंद किंवा त्याहून सावकाश धावणाऱ्या गाडीला सूट. वाचताना वाटतं, वेगवान गाडीला उलट सवलत कशी? पण रस्त्याचा टायर जोर आला की घसरतो आणि धक्का तिथेच मरतो. घरातला फ्यूज जसा वायर जळण्याआधी आपण जळतो, तसा. स्लिक घसरत नाही, मग साखळीतली पुढची कच्ची कडी तुटते, आणि ती बहुतेकदा क्रॉस असते.

आता क्रॉस तुटला. मागचा तुटला तर शाफ्टचं मागचं टोक खाली पडून फरफटतं. जमिनीवर आपटतं, इंधनाची नळी किंवा ब्रेकची नळी तोडू शकतं, पण गाडी पुढे जात असते आणि टोक मागे ओढलं जातं. पुढचा तुटला तर खेळ वेगळा. शाफ्टचं पुढचं टोक खाली येतं आणि ते गाडीच्या दिशेने तोंड करून असतं. डांबरात रुतलं की शाफ्ट म्हणजे बांबूउडीचा बांबू, आणि बांबूवर चढणारी गाडी. म्हणून नियम सांगतो की कडं पुढच्या क्रॉसपासून सहा इंचांच्या आत, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटरच्या आत हवं. सहा इंचांच्या पलीकडे लावलेल्या कड्यात शाफ्ट तिरका लटकतो आणि टोक जमिनीला पोचण्याची शक्यता वाढते. अंतर जितकं कमी, तितकं टोक कमी खाली येतं. तराजूच्या दांडीचा हिशेब आहे हा.

कड्याची मापंही नियमात आहेत: किमान पाव इंच जाड आणि दोन इंच रुंद पट्टी, किंवा सात-अष्टमांश इंच व्यासाची, ०.०६५ इंच जाडीच्या भिंतीची पोलादी नळी वेल्ड करून. आणि पूर्ण ३६० अंश. माझ्या पाहण्यात सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. लोक खालून इंग्रजी यू आकाराची पट्टी मारतात आणि म्हणतात, पडायचं तर खालीच पडणार ना? शाफ्ट नुसता पडत नाही, तो फिरत असतो. २८ इंची टायर, मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर ४.१० आणि ताशी २०० किलोमीटर वेग धरला तर शाफ्ट मिनिटाला सुमारे ६१०० फेरे घेत असतो. आठ-दहा किलोची नळी त्या वेगात एका टोकाला मोकळी झाली की ती आधी वर आपटते, मग बाजूला, मग खाली. वर म्हणजे पत्र्याच्या बोगद्यातून ड्रायव्हरच्या कमरेशेजारी.

दुसरी चूक बोल्टची. कडं भारी, आणि ते धरलंय गाडीच्या तळाच्या पत्र्याला, चार स्क्रूंनी. पत्रा कागदासारखा फाटतो आणि कडं शाफ्टसोबत गरगरायला लागतं, म्हणजे सुटलेल्या दांड्याला आपणच एक वजनदार हातोडा बांधून दिला. कडं चौकटीला, क्रॉसमेंबरला किंवा सबफ्रेमला धरलेलं हवं. तिसरी चूक मोकळ्या जागेची. उभ्या गाडीत सगळं नीट दिसतं, पण सुटताना गाडीची मागची बाजू बसते किंवा उठते आणि शाफ्टचा कोन बदलतो. कड्याच्या आतल्या बाजूला चमकदार घासलेली रेघ दिसली तर जागा कमी पडते आहे हे समजावं. सगळे क्रॉस आणि बोल्ट तपासण्याआधी मी बोट आधी तिथे फिरवतो.

हे सगळं सुटण्याचं झालं. लायन्सला झालं ते फुटणं.

ड्रमचं नेमकं माप बाजूला ठेवू. उदाहरणादाखल २० सेंटिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला ७००० फेरे घेतोय असं धरा. त्याच्या कडेचा वेग निघतो सेकंदाला ७३ मीटर, ताशी २६० किलोमीटरच्या वर. गाडी अजून जागेवरून हललेली नसली तरी. हवेचा अडथळा सोडला तर तेवढा वेग यायला दगड पावणेतीनशे मीटर उंचावरून सोडावा लागेल. असा तुकडा कोणत्या दिशेने जाईल हे तो फुटण्याच्या क्षणी कुठे होता यावर ठरतं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, सगळ्या दिशांना सारखाच हक्क. दोन इंच रुंद पट्टी तिथे काय करणार? जाळीतून खडे गळावेत तसे तुकडे पट्टीच्या बाजूने निघून जातात. फुटण्याला पूर्ण कवच लागतं. पन्नास-साठच्या दशकांत फ्लायव्हील आणि क्लच फुटून माणसं जखमी होत होती, त्यातूनच क्लचभोवतीची जाड पोलादी घंटा आली. तोच विचार नियमात आजही आहे: उघडी ड्राइव्हलाइन ड्रायव्हरच्या अंगाजवळून जात असेल तर किमान एक-अष्टमांश इंच पोलादी पत्र्याने ती पूर्ण झाकायची. कडं नाही, पेटी.

रुग्णालयातला कागद

अशा अपघातानंतर कोणीही दोन गोष्टी करेल. ड्रम मजबूत करेल आणि भोवतीचं कवच जाड करेल. दोन्ही बरोबर आहेत. गार्लिट्सने पलंगावर पडल्या पडल्या तिसराच प्रश्न विचारला, की मुळात मी इथे का बसलोय?

हा प्रश्न एका रात्रीत पडलेला नव्हता. १९५९ साली साउथ कॅरोलायनातल्या चेस्टरला त्याच्या गाडीचा सुपरचार्जर फुटून तो चांगलाच भाजला होता. इंजिन पुढे, माणूस मागे, आणि गाडी पुढे धावते. म्हणजे इंजिनातून निघणारं तेल, आग, लोखंड, सगळं वाऱ्याबरोबर माणसाच्या तोंडावर येणार. आता पावलाचा तुकडा गेल्यावर हिशेब पुरा झाला. लाँग बीचच्या रुग्णालयातच त्याने मागे इंजिन असलेल्या गाडीची आखणी सुरू केली.

मागे इंजिन ही कल्पना नवी नव्हती. आधी कित्येकांनी करून पाहिली होती आणि त्या गाड्यांचं नाव वाईट होतं. सरळ जात नाहीत, भिंतीकडे वळतात. गार्लिट्सची चौदावी गाडी फ्लोरिडात टी. सी. लेमन्स आणि कॉनी स्विंगल यांच्या साथीने तयार झाली. सुरुवातीच्या चाचण्यांत तिनेही तेच केलं.

मला या प्रकरणातला सगळ्यांत आवडणारा भाग हा आहे. दोष चौकटीत नव्हता, वजनात नव्हता, तो स्टिअरिंगमध्ये होता. स्लिंगशॉटमध्ये माणूस मागच्या चाकांच्याही मागे बसतो, शेपूट जरा हललं की त्याला ते बुडाखाली लगेच कळतं. नव्या गाडीत तो पुढे सरकला. शेपटाची खबर त्याला उशिरा लागते, आणि खबर लागली की तो सवयीने स्टिअरिंग तेवढंच फिरवतो, जे आता जास्त होतं. गाडी एकीकडे जाते, तो दुसरीकडे ओढतो, पुन्हा जास्त. उपाय निघाला स्टिअरिंग मंद करण्याचा. आधीचं गुणोत्तर सुमारे ६:१ होतं, ते १०:१ केलं. हात तेवढाच हलला तरी चाकं कमी वळतात. गाडी रेघेवर चालायला लागली. इतकी वर्षं ‘मागे इंजिन चालत नाही’ हा जो सिद्धांत होता, त्याचं मूळ एका स्टिअरिंग बॉक्समध्ये होतं.

१९७१ च्या सुरुवातीला ती गाडी घेऊन तो कॅलिफोर्नियात परतला आणि पोमोनाची विंटरनॅशनल्स ही मोठी शर्यत जिंकला. त्यानंतर दोन-तीन वर्षांत टॉप फ्युएलमधून स्लिंगशॉट जवळजवळ नाहीसे झाले. नियमाने कोणी हाकललं नाही. चालकांनी स्वतःच सोडलं. नवी मांडणी जास्त सुरक्षित होतीच, शिवाय ती जिंकतही होती. सुरक्षेचा उपाय असा फुकटात वेगही देतो, हे फार क्वचित घडतं. कडं वेग देत नाही, उलट एक-दोन किलो वाढवतं, म्हणून त्याला नियम आणि तपासनीस लागतो.

मग कडं कशाला?

कारण सगळ्यांना जागा बदलता येत नाही. फनी कार, म्हणजे वरून साध्या गाडीसारखं कवच चढवलेल्या ड्रॅगच्या गाड्यांच्या गटात आजही इंजिन पुढे आणि माणूस मागे बसतो, पायांपुढे क्लच घेऊन. तिथे क्लचभोवतीचं टायटॅनियमचं कवच हाच आधार. आणि दरवाजेवाल्या गाड्या, म्हणजे मस्टँग, कमारो वगैरे, त्यांच्यात तर पर्यायच नाही. कारखान्यातून इंजिन पुढे आलंय, ॲक्सल मागे आहे, माणूस मधे आहे. शाफ्ट त्याच्या कमरेशेजारून जाणारच. तिथे गार्लिट्सचा उपाय लागू नाही, म्हणून पट्टीचा लागू. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स फुटण्याची भीती असेल तर त्याच्यावर वेगळं कवच किंवा जाड कापडी ब्लँकेट येतं. १०.९९ सेकंद किंवा त्याहून वेगवान गाड्यांना, किंवा ताशी १३५ मैल ओलांडणाऱ्यांना, ते सक्तीचं आहे. म्हणजे एकाच गाडीखाली फुटणाऱ्या भागाला कवच आणि सुटणाऱ्या भागाला कडं, दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या स्पर्धा भरतात. तिथे येणाऱ्या बऱ्याच गाड्यांची ताकद पुढच्या चाकांना जाते, त्यांना लांब शाफ्टच नसतो, त्यामुळे हा विषय सहसा कोणाच्या बोलण्यात येत नाही. पण मागच्या चाकांची, टर्बो वाढवलेली गाडी आणि त्यावर स्लिक, असं कोणी केलं की प्रश्न तोच. मोठ्या गाड्यांच्या मिस्त्रींना मात्र हे शिकवावं लागत नाही. ट्रक-बसच्या लांब शाफ्टखाली आडवी लोखंडी पट्टी त्यांनी पाहिलेली असते, आणि घाटात क्रॉस गेल्यावर ती पट्टी कशासाठी होती तेही.

लायन्सच्या त्या दिवसातला एक माणूस मात्र या सगळ्या हिशेबात बसत नाही. गार्लिट्स पुढे सरकला, त्याचे पाय वाचले. पण ड्रम त्याच्या मागे फुटला काय नि पुढे फुटला काय, तिकीट काढून बाजूला बसलेल्या प्रेक्षकाला तुकडा तेवढ्याच वेगाने लागतो. त्याच्यासाठी मागे इंजिन, पुढे इंजिन सारखंच. त्याला फक्त कवच वाचवतं. ते गाडीच्या मालकाने विकत घेतलेलं असतं, तपासनीसाने वाकून पाहिलेलं असतं आणि प्रेक्षकाला ते कधीच दिसत नाही.